मागणीची कॉफी आणि इंडक्शनची शेगडी

गॅसच्या ट्रकला आमच्याकडे स्वतःची धून असते. टपावर भोंगा, भोंग्यात एकच गोडमिट्ट सूर. तो लांबून ऐकू आला की बायकांनी खिडकीतून हात हलवायचा, ट्रक थांबतो आणि सिलिंडर उतरतो. साऱ्या जॉर्डनभर हे असंच चालतं आणि कोणाची तक्रार नाही. माझी होती. सल्त गावाच्या ज्या चढावर माझं घर आहे तिथे हा ट्रक असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, नमाज झाली की येतो, म्हणजे मी नुकता आडवा झालेलो असतो. चढाने त्याचं इंजिन दमतं आणि ते विसाव्याला थांबतं नेमकं माझ्या खिडकीखाली. इंजिन विश्रांती घेतं, भोंगा घेत नाही.

शाळेत होतो तोवर हे मला ठाऊकच नव्हतं. जन्मभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं, निवृत्त झालो, आणि मग कळलं की आपण घरी नसताना घराभोवती काय काय चालतं. मी खिडकी उघडून त्या फवाझ ड्रायव्हरला सुनावायला लागलो. आधी विनंती केली, मग समज दिली, मग ध्वनिलहरींवर एक छोटं व्याख्यान दिलं. पुढेपुढे माझी खिडकी नुसती कुरकुरली तरी तो गिअर टाकून पळायचा. या गोष्टीचा मला त्या काळात फार अभिमान वाटायचा.

अशातच एका शुक्रवारी मन्सफ, म्हणजे दह्यात शिजवायचं मटण, अर्धा शिजलेला असताना गॅस संपला. मन्सफचं दही ढवळायचं थांबलं आणि आच गेली की फाटतं. ते फाटलं. उम्म वायेल, म्हणजे माझी बायको, हातात पळी घेऊन दारात येऊन उभी राहिली. (वायेल हा आमचा थोरला. तो नोकरीसाठी कुवेतला गेला, पण त्याच्यामुळे मी अबू वायेल, वायेलचा बाप, आणि ती उम्म वायेल, वायेलची आई, ही नावं मात्र इथेच राहिली.) ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भराभर उपाय सुचतात.

"आजपासून या घरात गॅस बंद," मी म्हणालो. "आपण इंडक्शनची शेगडी आणू."

"ती कशावर चालते?"

"विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर. जन्मभर मी शिकवलं ते."

"मग ती चालेल का?" तिने विचारलं.

आमची धाकटी, रझान, टेबलाशी बसून हसली. रझान औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, पण प्रवर्तन ती शाळेत जायच्या आधी शिकली, याच टेबलावर. मी शाळेतून तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक दांडीचुंबक आणि काट्याचं यंत्र घरी आणायचो. ती चुंबक वेटोळ्यात खुपसायची आणि काटा टुणकन एका बाजूला पळायचा. मग ती चुंबक तसाच आत धरून श्वास रोखून बसायची. काटा पुन्हा मधोमध.

"बाबा, चुंबक आत आहे की. मग काटा का झोपला?"

"नुसतं असून भागत नाही," मी सांगायचो. "चुंबक यावा तरी लागतो, नाहीतर जावा तरी लागतो. हलला तरच वीज."

साऱ्या प्रवर्तनाचं सार एवढंच आहे. बाकी पुस्तकात जे असतं ते परीक्षेसाठी. पण हे सार तेव्हा भांडी घासता घासता उम्म वायेलनेही ऐकलं होतं, आणि मी निवृत्त झाल्यापासून तिने ते वापरायला काढलं. मी दुपारी सोफ्यावर असलो की ती केर काढता काढता म्हणते, "नुसतं असून भागत नाही, अबू वायेल. हलावं लागतं."

शेगडी आली. काळीभोर काच, खाली बटणं, दिसायला एखाद्या मंत्र्याच्या टेबलासारखी. पहिला प्रयोग बघायला समोरचे अबू खलदून आले. हे लष्करातून निवृत्त झालेले, रणगाड्यावर होते. त्यामुळे एका कानाने कमी ऐकतात आणि सल्ला दोन्ही बाजूंना देतात. मी काचेवर वर्तमानपत्राचा कागद ठेवला, कागदावर दोन पेल्यांचं एनॅमलचं कॉफीचं भांडं ठेवलं, बटण दाबलं. पाणी उकळलं. कागद जसाच्या तसा.

"विस्तव कुठाय?" अबू खलदूननी वाकून शेगडीच्या पोटाखाली पाहिलं.

"विस्तव नाहीच. काचेखाली तारेचं वेटोळं आहे. त्यातला प्रवाह क्षणात हजारो वेळा दिशा बदलतो, त्याबरोबर चुंबकत्व उलटंपालटं होतं. ते भांड्याच्या लोखंडी बुडात प्रवाहाचे भोवरे उठवतं. लोखंड त्यांना अडवतं, आणि अडवता अडवता तापतं. म्हणजे भांडंच विस्तव. शेगडी आपली गार."

"कमाल आहे."

मग मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं, पण समोर विद्यार्थी असला की माझं असंच होतं. मी म्हणालो, "डोक्यावरचा पंखा, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, वीज बनवणारा धरणातला जनरेटर, सायकलचा डायनॅमो, कोर्टात शिरताना पिंपिं करणारी चौकट, तुमच्या सुनेचा वायरीशिवाय चार्ज होणारा फोन, ही सगळी एकाच आईची लेकरं आहेत."

अबू खलदून गंभीर झाले. "आणि माझ्या गुडघ्यात डॉक्टरने धातू बसवलाय, तो?"

"त्याला काही होत नाही. तो वेगळा धातू. आणि हे क्षेत्र चार बोटांच्या वर पोचतही नाही."

ते खुर्ची मागे घेऊन बसले. थोड्या वेळाने खुर्ची पुढे आली. मग आणखी पुढे आली. शेवटी गुडघा ओट्याला टेकवून ते म्हणाले, "उस्ताद, ऊब लागतेय. बरं वाटतंय." मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले, "विज्ञान तुमचं, गुडघा माझा." त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी गुडघा शेकायला येऊ लागले. शेगडी बंद असली तरी त्यांना चालायचं.

खरी अडचण भांड्यांनी केली. उम्म वायेलच्या स्वयंपाकघरातली बहुतेक भांडी ॲल्युमिनियमची. शेगडी त्यांना ओळखच दाखवेना, नुसती टूंटूं करून बंद व्हायची. मी फ्रिजवरचा खेळण्यातला चुंबक काढला आणि एकेक भांडं तपासायला बसलो. चुंबक चिकटला तर पास, पडला तर नापास. भराभर नापास होत गेली. पास झालं ते एनॅमलचं कॉफीचं भांडं, एक तवी आणि पातळ रोट्या भाजायचा लोखंडी पत्रा. मन्सफचा मोठा टोप, ज्यात आमच्या घरातली सगळी बारशी आणि सगळी दुःखं शिजली, तो नापास.

ही बातमी गल्लीत गेली आणि बायका आपापली भांडी घेऊन चुंबकाशी आल्या. उम्म खलदूनने माहेरचं स्टीलचं पातेलं मोठ्या डौलात पुढे केलं. चुंबक घसरून पडला. उंची स्टीलला चुंबक चिकटत नाही, यात पातेल्याचा कमीपणा नाही, उलट मोठेपणा आहे, हे मी तिला नीट सांगितलं. पण तोवर शेजारणीचा पत्र्याचा डबा पास झाला होता. उम्म खलदून माझ्याशी पुष्कळ दिवस बोलली नाही.

तरी मी माघार घेतली नाही. शेगडी यायच्या आधी उम्म वायेलने घेऊन ठेवलेला भरला सिलिंडर साऱ्या गल्लीसमोर अबू खलदूनना देऊन टाकला. फवाझला खिडकीतून सांगितलं की, या घराशी तुझा संबंध संपला. त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते दुःख नव्हतं. जुनी गॅसची शेगडीही मी देणार होतो, पण उम्म वायेलने ती गच्चीत नेऊन चादरीखाली ठेवली.

"राहू दे तिथे," ती म्हणाली. "तुमच्याकडे मागत नाही ना काही खायला?"

मग फ्यूज. शेगडी आणि ओव्हन एकदम लावले की घर अंधारात. आमचा मीटर जुना, आजोबांच्या काळातला, त्याला असले शौक झेपेनात. मी वीज कचेरीत गेलो. खिडकीपलीकडचा कारकून माझाच विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला, हात हाती घेतला, मरमिय्याची पानं घातलेला चहा मागवला. काम सोडून सगळं केलं.

"उस्ताद, तुमचे तास अजून आठवतात."

"काय आठवतं?"

तो विचारात पडला. "तुम्ही खडू फार नेमका मारायचात."

मोठी जोडणी हवी तर मीटर ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः यावं, असा नियम होता. मीटर आजोबांच्या नावावर. ते कबरस्तानात आहेत, हे मी सांगितलं. त्याने फार हळहळ व्यक्त केली आणि म्हणाला, मग साऱ्या वारसांनी यावं. माझे चुलते तीन, त्यांची मुलं अमेरिकेपर्यंत पसरलेली, आणि ऑलिव्हच्या एका बागेवरून त्यांच्यातली निम्मी उरलेल्या निम्म्यांचं तोंड बघत नाहीत. निघताना तो दारापर्यंत आला. "उस्ताद, तोवर जपून. मीटरखालचा मोठा फ्यूज गेला तर त्याला हात लावू नका. त्यावर कंपनीचं शिशाचं सील आहे. तो आम्हालाच बदलावा लागतो, आणि शुक्रवारी आम्ही नसतो."

हे सगळं चालू असताना घरात दुसरंही काही चालू होतं, आणि माझं तिकडे लक्ष नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. रझानला करक गावच्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. म्हणजे आलं असं आपण म्हणायचं. दोघांचं आधीच ठरलेलं होतं. मुतअज्झ त्याचं नाव, गुरांचा डॉक्टर, रझानच्या दुकानात मेंढ्यांची औषधं विचारायला यायचा. दुकानात मेंढ्यांची औषधं नसतात, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं, तरी तो येत राहिला. दोन्हीकडच्या बायकांचं येणंजाणं झालं. आता पुरुषांची जाहा यायची होती, रीतसर मागणी घालायला. मुलगा चांगला होता. नाव ठेवायला कुठे जागा मिळाली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. रझान करकला जाणार, तिची खुर्ची टेबलाशी रिकामी राहणार, हा विचार मनात यायला लागला की मी उठून फ्यूज तपासायचो.

जाहाचं सगळं काही कॉफीवर असतं. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याच्या हाती आपण कडू कॉफीचा पहिला पेला द्यायचा. त्याने तो न पिता समोर ठेवायचा आणि मागणी घालायची. मग मुलीच्या बापाने म्हणायचं, "कॉफी प्या, तुम्ही आलात ते काम झालं." मग तो पितो आणि सगळे पितात. आणि कॉफी आलीच नाही, तर बोलण्यासारखं काही उरत नाही. तो नकार समजून पाहुणे उठतात, आणि दोन घराण्यांच्या तीन पिढ्या एकमेकांना सलाम करत नाहीत.

आदल्या दिवशी रझान माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, उद्या एक करा. काही प्रयोग करू नका."

"मी कशाला करतोय."

"वचन द्या."

"शास्त्रज्ञ वचन देत नाही," मी म्हणालो. ती माझ्याकडे तिच्या आईसारखी बघायला लागली, म्हणून वचन दिलं.

शुक्रवार उजाडला. मोठा टोप शेगडीवर चालत नव्हता, म्हणून पाहुण्यांचा मन्सफ अबू खलदूनच्या घरी शिजला, आणि तो शिजता शिजता त्यांचे दोन्ही सिलिंडर संपले, मी दिलेला धरून. इकडे अबू खलदूननी हौसेने माझ्या दर्शनी भिंतीवर दिव्यांच्या माळा सोडल्या, भर उन्हात पेटवल्याही. आत एसी लावला होता, कोपऱ्यात चहाचा विजेचा मोठा बंब गुरगुरत होता. दुपारी कल्हईवाल्याकडून कॉफीचा दल्ला आला. हा आमचा चोचीचा पितळी दल्ला, उम्म वायेलच्या माहेरचा. एरवी दिवाणखान्यात मांडून ठेवलेला असतो, आणि मागणीची कॉफी त्यातच होते, आमच्याच घरच्या शेगडीवर. शेजारून करून आणलेली चालत नाही. सोन्यासारखा लखलखत होता.

पाहुण्यांच्या गाड्यांचे दरवाजे खाली वाजायला लागले तेव्हा उम्म वायेलने त्यात पाणी भरून तो शेगडीवर ठेवला. शेगडी म्हणाली, टूंटूं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात सगळी भांडी तपासली."

तपासली होती. पण दल्ला त्या वेळी भांडं नव्हता, शोभा होता. आणि पितळेला चुंबक चिकटत नाही हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. फक्त कोणी विचारलं नाही.

"असू दे," ती म्हणाली. इतक्या शांतपणे ती फार क्वचित बोलते. "एनॅमलच्या भांड्यात दोन-दोन पेले करते आणि दल्ल्यात ओतते. कोणाला कळणार नाही."

साधा, सरळ, अब्रू वाचवणारा उपाय होता. तिथे मी हो म्हटलं असतं तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळच आली नसती. पण दल्ल्यासमोर माझी शेगडी हरली, हे माझ्या मनाला लागलं.

"थांब," मी म्हणालो. "रोट्यांचा लोखंडी पत्रा मध्ये ठेवू. पत्रा तापेल, पत्र्यावर दल्ला तापेल. सोपं आहे."

"बाबा," रझान म्हणाली.

"हा प्रयोग नव्हे. हे उपयोजन आहे."

पत्रा ठेवला, त्यावर दल्ला ठेवला, बटण शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं. पत्र्यातून धूर निघाला, दल्ल्यातलं पाणी कुजबुजायला लागलं. मी विजयी मुद्रेने मायलेकींकडे वळलो. तेवढ्यात जिन्याखालून, मीटरच्या बाजूने, कोणीतरी अक्रोड फोडावा तसा आवाज आला. एसी थांबला, बंब थांबला, माळा विझल्या, शेगडी काळी पडली. शिशाचं सील जागच्या जागी होतं. त्याच्या आतला मोठा फ्यूज मात्र गेला होता, आणि शुक्रवार होता.

दिवाणखान्यात करकची माणसं दाटीवाटीने बसली होती. मधोमध मुतअज्झचे आजोबा, हाजी दैफल्ला, काठीवर दोन्ही हात ठेवून. आमच्या बाजूने बोलायला अबू खलदून होते. मी त्यांच्या चांगल्या कानात सांगितलं, "लांबवा."

ते स्वागतापासून सुरू झाले. मग सल्त आणि करकच्या जुन्या सोयरिकी आल्या. मग सोयरिकी संपल्या आणि रणगाडे सुरू झाले. गुडघा आला. गुडघ्यावरून इंडक्शन आलं. त्यांनी माझं सारं व्याख्यान पाहुण्यांना ऐकवलं, ट्रान्सफॉर्मरपासून सुनेच्या फोनपर्यंत, आणि एकही चूक केली नाही. तेवढ्या संकटातही मला बरं वाटलं. पण हाजी दैफल्लांची नजर दारावर होती. दारातून पेला यायचा होता, आणि दार रिकामं होतं. खोलीत उकडायला लागलं. मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. मुतअज्झ कोपऱ्यात बसला होता, त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत चालला होता. आतल्या दाराच्या फटीतून मला रझानच्या ओढणीची कड दिसली. ती हलत नव्हती.

हाजी दैफल्लांनी हात वर करून अबू खलदूनना थांबवलं.

"अबू वायेल," ते म्हणाले, "मी आयुष्यात पुष्कळ मागण्या घातल्या. पेला समोर ठेवून तासन् तास बसलोय. पेलाच आला नाही, असं आजवर झालं नव्हतं. तुमच्या मनात नसेल तर तसं सांगायला हरकत नव्हती. आम्ही लांबून आलो, लांब परत जाऊ." त्यांनी काठी टेकली आणि उठायला लागले.

मला बोलायचं होतं. पण काय बोलणार? माझी शेगडी पितळेला ओळखत नाही? आणि तेवढ्यात खालच्या वळणावरून ती धून आली. असरची नमाज झालेली होती, फवाझ आपल्या वेळेवर होता.

मी झेप घेऊन खिडकी उघडली. ती कुरकुरली. खाली फवाझने मान वर केली, मला पाहिलं, आणि गिअर टाकून पळाला.

मग मी धावलो. पाहुण्यांमधून, जिन्यावरून, नुसत्या मोज्यांवर, चढ चढत. "फवाझ, थांब," मी ओरडत होतो, आणि मी जितका ओरडत होतो तितका तो वेग वाढवत होता, कारण माझ्या ओरडण्याचा त्याला एकच अर्थ ठाऊक होता. मी एकदा मागे वळून पाहिलं. सारी जाहा दारात येऊन उभी होती आणि मुलीचा बाप मागणीतून पळून जाताना पाहत होती. माझ्या जन्मात इतकी शरम मला कधी वाटली नाही. त्याहून वाईट हे की, त्या दारामागे रझान होती.

कोणीतरी माझ्या बाजूने सुसाट पुढे गेलं. सूट, टाय, पॉलिश केलेले बूट. मुतअज्झ. वरच्या वळणावर ट्रक दमला, तसा त्याने तो गाठला. मी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभा होतो, तोवर तो परत आला, खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन, एखादं कोकरू आणावं तसा. काय झालं, का झालं, तुम्ही पळालात का, असलं काही त्याने विचारलं नाही. त्याच्या नव्या सूटवर गंजाचा पट्टा उमटला होता.

"काका," तो म्हणाला, "कुठे ठेवू?"

त्याच्या मागे फवाझ आला, हात जोडल्यासारखे करत. "उस्ताद, शपथ घेतो, मी भोंगा बंदच करणार होतो."

गच्चीतली चादर निघाली, जुनी शेगडी आत आली, निळी ज्योत फुरफुरली. दल्ल्यात वेलची पडल्याचा वास दिवाणखान्यापर्यंत आला तेव्हा पाहुणे एकेक करून पुन्हा बसले. मी मोजे झटकले आणि हाजींना झालं ते सगळं सांगितलं, पत्र्यासकट. ते ऐकून घेत होते. त्यांच्या मिशा हलत होत्या, पण जाहाच्या प्रमुखाने हसायचं नसतं.

पेला आला. त्यांनी तो घेतला, समोरच्या तिपाईवर ठेवला. अल्लाचं नाव घेऊन त्यांनी रीतसर मागणी घातली. तुमच्या घरची लेक आमच्या घरच्या मुलासाठी. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

वाक्य मला पाठ होतं. सोपं वाक्य आहे. इतका वेळ मी याच पेल्यासाठी जिवाचं रान केलं, मोज्यांवर चढ चढलो, आणि आता पेला समोर वाफाळत होता आणि तेवढं वाक्य मला म्हणवेना. मला तो काटा दिसत होता. चुंबक आत येताना काटा जेवढा उडतो तेवढाच तो बाहेर काढताना उडतो, फक्त उलट्या बाजूला. किती मुलांना मी हे फळ्यावर लिहून दिलं, आणि मला वाटायचं हा परीक्षेचा मुद्दा आहे. इतकी वर्षं ती घरात होती, टेबलाशी होती, आणि मी खुशाल दुपारी झोपत होतो. आता ती निघाली होती आणि माझ्या आत जे काही होतं ते सगळं एका बाजूला पळत होतं.

वेळ जात होता. अबू खलदून खाकरले. मुतअज्झ खाली बघत होता. पेल्यावरची वाफ विरळ झाली.

मग आतल्या दारामागून रझानचा आवाज आला. मागणीत मुलगी बोलत नाही, अशी रीत आहे. तिचा आवाज कापरा होता, तरी सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

"बाबा, कॉफी गार होतेय. आणि दल्ला तुमच्या शेगडीवर तापत नाही."

पहिल्यांदा हाजी दैफल्लाच हसले, काठीवर कपाळ टेकवून, खांदे हलवत. मग सारी खोली हसली. मी डोळे पुसले आणि पेला उचलून माझ्या हाताने त्यांच्या हातात दिला.

"प्या, हाजी," मी म्हणालो. "तुम्ही आलात ते काम झालं. गार व्हायच्या आत प्या."